माळशेज घाट, सहाशे पुस्तकं आणि एक दोर

मुलांनो, तुम्ही एस.टी.त उभं राहून प्रवास केला असेलच. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की काय होतं? आपण सगळे धाडकन पुढं! गाडी सुटली की मागं, आणि वळण आलं की शेजाऱ्याच्या अंगावर. आपल्याला निदान दांडा तरी धरता येतो. पण टेम्पोच्या हौद्यात ठेवलेल्या खोक्यानं काय धरायचं?

हा प्रश्न मला गेल्या वर्षी जुलै महिन्यात पडला. कल्याणच्या एका निवृत्त शिक्षकांनी आमच्या शाळेला आपली सगळी पुस्तकं द्यायचं ठरवलं. सहाशे पुस्तकं, सोबत एक लोखंडी कपाट. आमची शाळा जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या पलीकडच्या एका वाडीत. मध्ये माळशेज घाट, आणि तोही भर पावसाळ्यात!

आमच्या वाडीतले तात्या पिकअप चालवतात. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, चौथीत आहे. रात्री टोमॅटोचे क्रेट भरून ते कल्याणच्या बाजारात नेतात आणि सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत येतात. "बाई, परतीची गाडी मोकळीच असते. डिझेलचंसुद्धा देऊ नका," ते म्हणाले. एका शनिवारी मीच कल्याणला जाऊन थांबले.

सकाळी आठ वाजता पिकअप दाराशी आली. मला वाटलं, अर्ध्या तासात भरू आणि निघू. तात्यांनी दीड तास लावला! पहिल्यांदा माझी चुळबुळ झाली, मग मी नुसती बघतच राहिले.

आधी त्यांनी हौद्यात रिकामी पोती अंथरली. ओल्या पत्र्यावर सामान घसरतं, पोत्यावर घसरत नाही. मग कपाट उताणं करून केबिनच्या भिंतीला टेकवून ठेवलं. त्याची दारं दोरीनं बांधली. जड सामान नेहमी तळाला आणि केबिनला चिकटून! ब्रेक लागला की सामान पुढं धावतं. आधीच भिंतीला टेकलेलं असलं की धावायला जागाच उरत नाही. पुस्तकांची चौदा खोकी एकमेकांना घट्ट लावली. राहिलेल्या फटींत पोत्यांच्या गुंडाळ्या कोंबल्या. वजन डाव्या-उजव्या बाजूंना सारखं आहे ना, ते चाकांकडे वाकून पाहिलं.

सगळ्यात शेवटी रिकामे क्रेट. ते तर इतके हलके, की मी म्हटलं, "तात्या, हे राहू द्या ना असेच वर."

तात्या हसले. "बाई, भरलेला क्रेट वीस किलोचा. तो कुठं जात नाही. उडतो तो रिकामाच!" आणि त्यांनी प्रत्येक क्रेटच्या भोकातून एकच लांब दोर ओवून घेतला, गजरा ओवावा तसा.

मग ताडपत्री आली. ती पण एक नव्हे, दोन जुन्या. आधी मागची अंथरली आणि तिच्यावर चढवून पुढची. का बरं? घराच्या कौलांकडे बघा. वरचं कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. गाडी धावताना वारा आणि पाऊस पुढून येतात, म्हणून पुढची ताडपत्री मागचीवर हवी. उलटं केलं तर वारा सरळ आत शिरतो. मधोमध दोन क्रेट उभे करून त्यांनी ताडपत्रीला उंचवटा दिला. घराला आढं असतं ना, तसं. नाहीतर मध्ये पाण्याचं तळं साचतं.

एका कोपऱ्यातली पितळी कडी तुटली होती. आता दोर कुठं बांधणार? तात्यांनी रस्त्यावरचा एक गोल खडा उचलला, ताडपत्रीच्या कोपऱ्याखाली धरला आणि वरून त्याच्या मानेला दोर आवळला. झालं! खडा आतून अडकतो, दोर निसटत नाही, आणि ताडपत्रीला भोकही पडत नाही.

दोर आवळायची त्यांची तऱ्हाही बघण्यासारखी. दोराच्या मध्येच एक फास करायचा. टोक खाली हौद्याच्या हुकातून घ्यायचं, परत वर त्या फासातून ओवायचं आणि खाली ओढायचं. विहिरीवरच्या कप्पीसारखंच हे काम. आपल्या हाताच्या जोरापेक्षा दोराला जास्त ओढ बसते. कपाटाच्या धारेवर दोर घासून तुटू नये म्हणून तिथं सायकलच्या जुन्या टायरचा तुकडा. सगळ्यावरून टायरच्या जुन्या ट्यूब कापून केलेल्या रबरी पट्ट्या. खड्ड्यांत सामान खाली बसतं आणि दोर सैल पडतो. पण रबर आपोआप आखडतं आणि ताडपत्री ताणून धरतं.

"एवढं कशाला हो तात्या? पुस्तकंच तर आहेत," मी म्हटलं.

"दोर पुस्तकांसाठी नाही बाई. मागून येणाऱ्यासाठी आहे."

हे ऐकलं आणि मी गप्प झाले. कारण मला दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली.

तेव्हा माझी बदली झाली होती. सामान मी स्वतःच टेम्पोत भरलं आणि सुतळीनं बांधलं. गादी सगळ्यात वर. हलकी आहे, काय होतंय! उतारावर टेम्पोनं वेग घेतला आणि गादी उडाली. मागून एक मोटरसायकल येत होती. नवरा-बायको आणि मध्ये लहान बाळ. त्यांनी गाडी बाजूला घेतली, ती घसरली आणि तिघेही पडले. नशीब, खरचटण्यावर निभावलं. मी धावत गेले. ती बाई मला एक शब्दही बोलली नाही. ती फक्त बाळाचं डोकं पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होती. शाळेत मी मुलांना वाहतुकीचे नियम शिकवत होते, आणि माझ्याच गादीनं ते बाळ रस्त्यावर पाडलं होतं!

हे मी तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "एकदा चुकलं की हात शिकतो. चला, तो दोर ओढा." आणि शेवटची गाठ त्यांनी माझ्याकडूनच मारून घेतली.

मुरबाडला पोहोचलो तेव्हा तात्यांनी गाडी थांबवली. खाली उतरून प्रत्येक दोर बोटानं वाजवून पाहिला, तंबोऱ्याची तार वाजवतात तसा. दोन सैल झाले होते. ते पुन्हा ओढले. पुढं टोकावडे, मग वैशाखरे. इथून उजवीकडे नाणेघाट. आभाळ मोकळं असेल तर नानाचा अंगठा नावाचा सुळका दिसतो. त्या दिवशी तो ढगात दडला होता.

मुलांनो, हा नाणेघाट फार जुना. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरकडे चढत असे. तिथल्या गुहेत ब्राह्मी लिपीतला नागनिका राणीचा शिलालेख आहे. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. माल यायचा बैलांच्या पाठीवरून. एका बाजूची गोणी जड झाली तर ओझं कलंडणार आणि बैल दरीत! तेव्हाही कुणीतरी प्रत्येक चढाआधी दोर ओढून पाहतच असणार. पिकअप नवी, विद्या मात्र जुनी.

मग माळशेज घाट सुरू झाला. काय वर्णावं! कड्यांवरून शेकडो धारा कोसळत होत्या. काही तर थेट रस्त्यावर. पुढचं दिसेना इतकं धुकं. एका वळणावर वाऱ्याचा असा झोत आला की मागं फडफड ऐकू आली आणि पाठोपाठ 'फट्' असा आवाज! माझा जीव घशात आला. आरशात पाहिलं तर मागं एक मोटरसायकल. वर दोघंजण, रेनकोट घातलेले.

तात्यांनी गाडी एकदम थांबवली नाही. घाटाच्या वळणावर थांबणं धोक्याचं, आणि वरून दरडी कोसळायचीही भीती. हळूहळू पुढं जाऊन रुंद जागा आल्यावर गाडी कडेला घेतली, दिवे लावले आणि आम्ही उतरलो. एक रबरी पट्टी तुटली होती. बस्, एवढंच! दोर जागच्या जागी, खडा जागच्या जागी, क्रेट सगळे ओवलेले. मोटरसायकलवाले हात हलवून पुढं निघून गेले. त्यांना कळलंही नाही. मला मात्र रडूच यायचं बाकी होतं.

दुपारी दोनला शाळेत पोहोचलो. शनिवारची शाळा केव्हाच सुटली होती, तरी मुलं थांबली होती. ओळीनं उभं राहून त्यांनी हातोहात खोकी उतरवली. एक खोकं कोपऱ्यात ओलं झालं होतं. तेच, जे 'नकाशांचं आहे, चुरगळेल' म्हणून हट्टानं मी फाळक्याजवळ अगदी वर ठेवायला लावलं होतं! महाराष्ट्राचा नकाशा आम्ही व्हरांड्यात दोरीवर वाळत घातला. कोकणच जास्त भिजलं होतं.

आता तुम्ही दोन गोष्टी करून पाहा. कागदाची लांब पट्टी ओठांखाली धरा आणि तिच्या वरून जोरात फुंकर मारा. पट्टी खाली जाते की वर येते? वर येते! सैल ताडपत्री का फुगते, ते यातून कळेल. आणि घरातला रुमाल घेऊन त्याच्या कोपऱ्यात एक खडा बांधा. मग दोरी ओढून बघा सुटते का.

घरच्या मोठ्यांनाही एक काम सांगा. सामान गाडीवर चढवलं, की निघण्यापूर्वी एकदा आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा दोर तपासा म्हणावं. मागून कुणाचं तरी बाळ येत असतं.