तिथीची पाऊणपट

सकाळच्या एसटीत पूर्णगडची मुलं मनमोकळी बोलतात. पावस मागे पडलं की आवाज उतरतात. रत्नागिरीच्या स्टँडवर पाय टेकेपर्यंत भाषाही बदललेली असते. मी त्याच गावची, मासेमार खारव्यांच्या घरातली. माझीही अशीच बदलली.

*

भरती-ओहोटीचा तास. शेवटच्या बाकावरचा, खाडीकाठचा मुलगा वर्षभरात एक शब्द बोलला नव्हता. पुस्तक मिटून मी विचारलं, "आज भरती किती वाजता रे?"

बोटांवर मोजून म्हणाला, "आज षष्ठी हाय. साडेचारला पानी भरेल."

त्याला फळ्यापाशी बोलावलं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीचे तास निघतात. षष्ठीचे साडेचार, अष्टमीचे सहा. घराघरांत हा हिशेब तोंडी चालतो. एका मुलीने लगेच अडवलं: अमावास्येला सव्वाअकरा, मग दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण कसा? एका रात्रीत दीड तास? वर्ग भांडायला लागला. शेवटी त्यांनीच शोधलं, की तिथीमागे पंचेचाळीसऐवजी अठ्ठेचाळीस मिनिटं धरली तर पंधराव्या तिथीला बरोबर बारा येतात आणि साखळी जुळते. पाऊणपट तोंडी करायला सोपी, म्हणून ती टिकली. मग उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि भांग, म्हणजे लहान भरती, हे शब्द पुस्तकातल्या शब्दांच्या शेजारी फळ्यावर लिहिले. इतकी वर्षं मी ते लिहिले नव्हते, याचं फार वाईट वाटलं.

*

मी शिकत असताना एका प्राध्यापकांनी माझा 'पानी' तसाच उच्चारून दाखवला होता. वर्ग हसला. पुढची दोन वर्षं मी एकही शंका विचारली नाही. शंका मात्र होत्या.

*

आडनाव वर्गात आपल्या आधी पोचतं. शिकवणाऱ्याचंसुद्धा. पहिल्या आठवड्यात मुलं मला तोलत असतात: मॅडम कुणातल्या, कुठल्या, कुणाकडे बघून बोलतात.

*

नोव्हेंबर 1918. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्र शिकवू लागले. लहानपणी साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. इथे ते प्राध्यापक होते, तरी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वर्गात मात्र दुसऱ्या कॉलेजांतली मुलंही त्यांना ऐकायला येऊन बसू लागली. एकाच इमारतीतल्या या दोन खोल्या माझ्या डोक्यातून जात नाहीत.

*

धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, ते मातृभाषेतून शिकवणारं. ही अट मला आता जास्त कळते.

*

तो मुलगा अजून 'पानी'च म्हणतो, आणि विचारतो. परवाचा प्रश्न: मुचकुंदीच्या खाडीत आत आत जावं तशी भरती उशिरा पोचते, ती नेमकी किती? मला सांगता आलं नाही. रविवारी पुलाखाली आणि वरच्या अंगाला खुणेच्या काठ्या रोवायच्या ठरल्या आहेत. होडी त्याच्या काकांची.