पन्नास हर्ट्झच्या शहरात

तबकडी कापतानाच गाण्यातला खर्ज मुद्दाम दबवलेला असतो आणि वरचे स्वर चढवलेले असतात. खर्ज आहे तसा कोरायचा म्हटला तर खाच इतकी नागमोडी होईल की शेजारच्या खाचेत शिरेल, आणि एका बाजूवर फारसं गाणं मावणारच नाही. वरचे स्वर चढवायचे ते सुईच्या खरखरीसाठी. वाजवताना ते उतरवले की त्यांच्याबरोबर खरखरही उतरते. किती दबवायचं, किती चढवायचं याचा हिशेब पूर्वी कंपनीगणिक वेगळा होता. 1954 साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेनं एक आराखडा ठरवला आणि पुढे जगानं तो मानला. प्रीअँप नावाची छोटीशी पेटी हाच हिशेब उलटा फिरवते. जे काढून घेतलं ते परत देते.

मला ही गोष्ट कळली तेव्हापासून किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी मी वेगळ्या कानांनी ऐकते. भूपामागचा तानपुऱ्याचा खर्ज मधल्या पट्टीच्या मानानं चौथ्या हिश्श्याहूनही बारीक होऊन त्या काळ्या चकतीत पडलेला असतो. तो मला ऐकू येतो कारण मधे एक पेटी बसून त्याला पुन्हा त्याच्या जागी नेऊन ठेवते.

माझ्याकडची पेटी करोल बागेतल्या एका जुन्या मराठी घरातून आली. करोल बाग आणि पहाडगंज ही दिल्लीत आलेल्या मराठी माणसांची जुनी वस्ती. घर बिल्डरकडे गेलं, गच्चीवरची बरसाती रिकामी झाली, आणि कबाडीवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी एक टर्नटेबल, तबकड्यांची चळत आणि ही ॲल्युमिनियमची डबी घरच्यांनी माझ्या हातात दिली. काट्यावर चढली असती तर बहुधा यमुनेपलीकडे सीलमपूरला पोचली असती. तिथे सर्किटच्या पाट्या तापवून सुटे भाग उपटतात आणि उरलेल्या पाटीतून तांबं काढतात. ते काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांना त्याची किंमत मोजावी लागते, म्हणूनच दुरुस्त होण्याजोगी वस्तू तिकडे जाऊ देऊ नये असं मला फार वाटतं.

डबी कुठल्या कंपनीची नाही, कुणीतरी घरी बांधलेली आहे. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे मासिक 1969 पासून दिल्लीतूनच निघतं, आणि त्यातले आराखडे बघून रात्री जेवणं झाल्यावर सोल्डरिंग आयर्न घेऊन बसणाऱ्यांची एक पिढी या शहरात होती. झाकण उघडलं तर आत धुळीचा मऊ थर, त्याखाली तपकिरी पाटी, आणि चार ट्रान्झिस्टर: काळे, चौकोनी, चपट्या पायांचे बीसी 149. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं हे ट्रान्झिस्टर एके काळी देशभर पुरवले. ती सरकारी कंपनीही 1954 चीच. तारांच्या शेजारी, ॲल्युमिनियमवर, पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘डावा’, ‘उजवा’. अक्षर वळणदार, बारीक, शिरोरेघेसकट. ते पुसलं जाऊ नये म्हणून ब्रशनं धूळ झाडताना मी तेवढी जागा सोडून दिली.

वीज मात्र कुठून घ्यायची याचा पत्ता नव्हता. डबीला एक मोठा ॲम्प्लिफायर वीज पुरवत असणार, तो केव्हाच गेला होता. मागे राहिल्या होत्या कापलेल्या दोन तारा, एक लाल, एक काळी. अशा वेळी पाटीच बोलते. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची ऋण बाजू बहुतेक ठिकाणी काळ्या तारेला जाऊन मिळत होती, म्हणजे लाल धन. त्यांच्यावर छापलं होतं 25 व्होल्ट, म्हणजे पुरवठा त्याच्या आतलाच असणार. त्यातल्या दोन कॅपॅसिटरचे बुंधे ओले होऊन सुकलेले, त्यांच्याभोवती पाटीवर काळपट डाग. उष्णता ही या कॅपॅसिटरची वैरीण: तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. दिल्लीतल्या बरसातीनं तर त्यांना कित्येक जूनमहिने भाजलं होतं.

नवे आणायला मी लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये जाते. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी ही दुकानं उभी राहिली. जानेवारी 2022 मधल्या पहाटेच्या आगीत त्यातली शंभराच्या आसपास जळाली, आणि तरी बाजार पुन्हा मांडला गेला. पलीकडे बेगम समरूच्या हवेलीभोवती भगीरथ पॅलेसचा विजेच्या सामानाचा बाजार. या गल्ल्यांत शिकाऊ माणसाला कुणी हसत नाही. मी पाटी काउंटरवर ठेवली, ट्रान्सफॉर्मर मागितला, तर वयस्कर दुकानदारानं आधी पाटी उलटी करून भिंगाखाली धरली. म्हणाला, “बेटा, पहले बैटरी पे चलाओ. दिल्ली की बिजली बाद में दिखाना इसको.” आणि नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या पुढे सरकवल्या.

या वाक्यात सगळी विद्या आहे. चुंबकी कार्ट्रिजमधून सुई जे काढते ते असतं तीन ते पाच मिलिव्होल्ट, टॉर्चच्या एका सेलचा तीनशेवा भाग किंवा त्याहून कमी. प्रीअँप ते मधल्या पट्टीत साधारण शंभर पटींनी वाढवतो. खर्जात मात्र हिशेब उलटा फिरवायचा असल्यामुळे तो आणखी हात देतो: सेकंदाला 50 आवर्तनांपाशी आणखी सातपट. आणि आपल्या भिंतीतली वीज सेकंदाला बरोबर 50 आवर्तनांनीच धावते. गाण्याला जिथे सगळ्यात जास्त आधार लागतो, नेमक्या त्याच जागी शहराची वीज गुरगुरत बसलेली असते. पेटीला दोघांतला फरक कळत नाही. जे येईल ते ती सातशेपट करून देते.

दोन बॅटऱ्या ओळीत जोडल्या की 18 व्होल्ट, तेही कसल्याही आवर्तनाविना. तडे गेलेले सांधे मी पुन्हा सोल्डर केले. ट्रान्झिस्टरच्या पायांपाशी जुन्या सोल्डरवर केसाएवढं गोल वर्तुळ दिसतं, तोच तडा. तापलेलं टोक टेकवलं की राळेचा धूर येतो, करडा ठिपका क्षणभर चकाकतो आणि पायाभोवती उतरता होऊन थिजतो. मग नवे कॅपॅसिटर, मग बॅटरी. आवाज मोठा केला तर बारीक सळसळ होती, तीही समुद्रासारखी सरळ. घरघर नाही. म्हणजे पाटी निर्दोष होती, आणि यापुढे जी घरघर येईल ती मी आणलेली असेल हे पक्कं झालं.

ती आलीच. 18 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, डायोडचा पूल, कॅपॅसिटर आणि 7818 नावाचा तीन पायांचा रेग्युलेटर, असा साधा पुरवठा. भार नसताना ट्रान्सफॉर्मरवर मीटर 21 दाखवतो आणि पुलामागे 28 होतात, म्हणून तिथे 25 चा कॅपॅसिटर चालत नाही, मी 50 चा घेतला. एवढी वरकड असली की जूनच्या संध्याकाळी गल्लीभर एसी सुरू होऊन दिवे मंदावले तरी रेग्युलेटरचे 18 हलत नाहीत. पहिल्यांदा वीज देताना ओळीत साठ वॉटचा बल्ब जोडायचा: तो लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. माझा पेटला नाही. 230 व्होल्टच्या बाजूला हात लावण्याआधी प्लग काढून तो डोळ्यांसमोर टेबलावर ठेवायचा, हा नियम मी अजून मोडत नाही.

घरघर ऐकायला शिकावी लागते. पुलातून गेलेल्या विजेची गुरगुर सेकंदाला 100 आवर्तनांची. हार्मोनियमवर बघाल तर मंद्रातल्या पांढरी पाचच्या जरा वर. ती आली तर दोष फिल्टरमध्ये. 50 ची आली तर चुंबकीय शिरकाव: ट्रान्सफॉर्मर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या फार जवळ आहे, आणि कितीही चांगला रेग्युलेटर लावला तरी ती जात नाही. माझी 50 ची होती. ट्रान्सफॉर्मर वेगळ्या लोखंडी डब्यात हातभर दूर नेला, तशी ती ओसरली. उरली ती टर्नटेबलचं आणि ॲम्प्लिफायरचं अर्थिंग दोन वाटांनी भेटत असल्यामुळे. सगळ्या काळ्या तारा एकाच स्क्रूखाली आणल्यावर तीही गेली. त्यानंतरही एक तिखट चरचर यायची, संध्याकाळीच. ती छतावरच्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची निघाली. पंखा पाचवर ठेवला की चरचर नाहीशी होते. मे महिन्यात ती अडचणही वाटत नाही.

आता बागेश्रीत किशोरीताई मध्यमावर थांबतात तेव्हा तानपुरा त्यांच्या खाली पसरलेला ऐकू येतो. पेन्सिलीनं ‘डावा’, ‘उजवा’ लिहिणाऱ्या माणसानं तोच ऐकण्यासाठी इतका खटाटोप केला असणार, असं मला मनापासून वाटतं.

त्याच चळतीत बालगंधर्वांच्या नाट्यपदांच्या 78 आरपीएमच्या तबकड्या आहेत. त्यांना जवळजवळ चौपट रुंद टोकाची सुई लागते, ती मिळाली. पण त्या 1954 च्या आराखड्याआधी कापलेल्या. खर्ज निराळ्या ठिकाणापासून दबवलेला, वरचे स्वर कमी चढवलेले. या पेटीतून वाजवल्या तर गळा कोंदट येतो. पेटीत एक खटका घालून फीडबॅकच्या वाटेवर दुसरे कॅपॅसिटर आणि रेझिस्टर जोडायचे, एवढाच बदल आहे. त्यांची मूल्यं काढून कागदावर मांडलीत, दोन्ही बाजूंसाठी जोडीजोडीनं. लजपतराय मार्केट रविवारी बंद असतं, म्हणून शनिवारी सकाळीच मेट्रो पकडायची आहे.