जत्रेतल्या तंबूपासून खोडदच्या तबकड्यांपर्यंत

वाचकहो, प्रत्येक माणसाला कसला ना कसला नाद असतो. कुणाला बैलांचा, कुणाला भजनाचा, कुणाला कुस्तीचा. मला लहानपणापासून नाद आहे तो खेळ बघण्याचा. जत्रेत तंबूतला सिनेमा आला की सगळ्यांत पुढे बसकण मारलेला पोरगा मीच असायचो. संगमनेरला सर्कस आली की त्या दिवशी माझा कामाला खाडा ठरलेला. मौतच्या विहिरीतला फटफटीवाला आणि जादूगाराने करवतीने कापून पुन्हा हसत उभी केलेली बाई मी तोंडाचा आ वासून पाहिली आहे.

दुसरा नाद पुस्तकाने लावला. गावच्या वाचनालयात डॉ. जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’ हाती लागले आणि कंदिलाच्या उजेडात मी ते दोन रात्रींत संपवले. विज्ञानकथा म्हणजे काय, हे तेव्हा प्रथम कळले. या गृहस्थाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली होती. आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी नारायण विनायक जगताप असे नाव घेतले आणि पहिले बक्षीस मिळवले. मोठ्या नावाच्या वजनाने बक्षीस मिळाले असे कुणी म्हणायला नको, ही त्यातली गंमत मला फार आवडली. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा घरचेच कुणी वडीलधारे गेल्यासारखे वाटले.

आता माझ्या नादाची दुसरी बाजूही सांगतो. १९९४ साली थोरली मुलगी सातवीत होती. शाळेची सहल मुंबईला निघाली होती. राणीची बाग, मत्स्यालय आणि वरळीचे नेहरू तारांगण दाखवणार होते. पोरगी आठ दिवस मागे लागली. मी म्हणालो, ‘पोरीच्या जातीला एवढ्या लांब कशाला? बियाण्याला पैसे लागायचे आहेत.’ ती गप्प बसली. दोन वर्षांनी तीच सहल निघाली, तेव्हा धाकट्या मुलाला मात्र मी पैसे दिले. बियाणे तेव्हाही घ्यायचे होतेच. थोरली त्यावर एक अक्षर बोलली नाही, पण भावाची पिशवी तिनेच भरून दिली. ते दृश्य माझ्या मनातून कधी गेले नाही.

पुढे तिचे लग्न झाले, पोरे झाली. तिची मुलगी, म्हणजे माझी नात, आजोबावर गेलेली. चांदण्यात अंगणात झोपली की प्रश्नांची सरबत्ती सुरू. २०२४ च्या फेब्रुवारीत ती म्हणाली, ‘अण्णा, विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण बघायला मिळते. आपण जाऊ या?’ गहू काढणीला आलेला, कांद्याला पाणी द्यायचे आणि वीज रात्रीची. घरातून आवाज आला, ‘आभाळ बघायला पैसे कशाला घालवायचे? अंगणातून दिसतंच की!’ मी म्हणालो, ‘या वेळी जायचे. आणि थोरलीलाही न्यायचे.’

सकाळची एसटी धरली. चंदनापुरीचा घाट चढून गाडी घारगावला आली, तिथे थोरली आणि नात चढल्या. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे थोरलीने आपले तिकीट आपणच काढले आणि मला हात लावू दिला नाही. बोटा, आळेफाटा मागे टाकून नारायणगावला उतरलो. हे गाव टोमॅटोच्या बाजाराला प्रसिद्ध, तसेच तमाशालाही. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव. चैत्रातल्या जत्रांसाठी गावोगावचे पुढारी इथल्या राहुट्यांत येतात आणि फडांना सुपारी देतात. माझ्यासारख्या बघ्याला हे गाव म्हणजे तीर्थक्षेत्रच! पण त्या दिवशी आमचा खेळ दहा-बारा किलोमीटर पुढे होता.

खोडदच्या रस्त्याला लागलात की शेतांच्या बांधापलीकडे एकदम ती पांढुरकी तबकडी दिसते. उसाच्या आणि कांद्याच्या वर उताणी पसरलेली, जणू आभाळाचा प्रसाद घ्यायला धरलेली परात. अशा एकूण ३० तबकड्या आहेत. १४ खोडदजवळ जवळजवळ आणि बाकीच्या १६ तीन दिशांना फाकलेल्या हातांवर, पार २५ किलोमीटर पसरलेल्या पट्ट्यात. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. मी शेतकऱ्याच्या हिशेबाने गुणाकार केला, तर एकीचे तोंड भरले पंधरा-सोळा गुंठे आणि तीसही मिळून पावणेबारा एकर! टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली. त्याआधी १९७० साली त्यांनी उटीला डोंगराच्या उतारावर एक मोठी रेडिओ दुर्बीण बांधली होती. २०२० साली ते वारले.

जवळ गेल्यावर मला नवल वाटले ते निराळेच. तबकडी भरीव नाही, ती तारेची जाळी आहे. मी तिथल्या एका तरुण शास्त्रज्ञाला विचारले, ‘साहेब, भोके असताना पकडता काय?’ तो हसून म्हणाला, ‘आजोबा, चाळणीतून गहू पडतो का? भोक गव्हापेक्षा लहान असले की झाले. आम्ही ज्या लहरी पकडतो त्यांची लांबी या भोकांपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्या जाळीवर आपटून मागे फिरतात, वारा मात्र आरपार जातो. त्यामुळे जाळी हलकी राहते आणि खर्च वाचतो.’ माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चाळण तर आपण रोज हाताळतो!

नातीने विचारले, ‘मग इथे आवाज ऐकू येतो का?’ तो म्हणाला, ‘नाही बाळ. ह्या लहरी आवाजाच्या नाहीत, प्रकाशाच्याच भाऊबंद आहेत, फक्त डोळ्यांना दिसत नाहीत.’ सगळ्या तबकड्यांनी गोळा केलेले संदेश काचेच्या बारीक धाग्यांतून एका इमारतीत येतात आणि तिथे गणकयंत्रे त्यांची सांगड घालतात. आभाळातून येणारी ही चाहूल अतिशय क्षीण असते, म्हणून मोबाइलचा गोंगाट तिथे चालत नाही. आम्हीही आमचे बंद करून ठेवले. चहूकडे डोंगर आहेत, मोठे शहर दूर आहे, म्हणूनच ही जागा निवडली. त्यामुळे आमच्याकडे त्या दिवसाचा एकही फोटो नाही.

त्याने दोन गोष्टी सांगितल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे एक यान मंगळावर उतरत होते, तेव्हा सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून त्याचा संदेश खोडदच्या तबकड्यांनी पकडला. संदेश यायला दहा मिनिटांच्या आसपास लागत होती. जमिनीला टेकायच्या थोडे आधी तो थांबला, कारण यान आदळून फुटले. दुसरी गोष्ट जानेवारी २०२३ ची. ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दूरच्या दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची चाहूल इथेच टिपल्याचे जाहीर झाले. वाटेतल्या दुसऱ्या दीर्घिकेने भिंगाचे काम करून ती मोठी केली होती, म्हणून ती सापडली. मंडळी, आपली पृथ्वीही तेव्हा जन्मली नव्हती! मी आयुष्यभर वाचलेल्या विज्ञानकथांतली कोणती याहून मोठी, ते मला सांगता येईना.

मंडपात खेड्यापाड्यांच्या शाळांतल्या मुलांनी केलेली यंत्रे मांडली होती. एका पोराने ओल पाहून आपोआप बंद होणारा पंप केला होता. नात तिथून हलेना, वहीत काहीबाही लिहून घेत होती.

थोरली तिकडे तबकडीकडे मान वर करून उभी होती. मी जवळ गेलो. ती म्हणाली, ‘अण्णा, मुंबईचं तारांगणही असंच गोल असेल ना?’ आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. मी म्हणालो, ‘पोरी, त्या साली माझं चुकलं.’ तीस वर्षांत हे चार शब्द मला जमले नव्हते. ती थोडा वेळ बोलली नाही. मग पिशवीतून भाकरीचे गाठोडे काढत म्हणाली, ‘चला, जेवून घेऊ. परतीची गाडी चुकेल.’ मला काय ते समजले.

वाचकहो, तुम्हीही जा. सहसा फेब्रुवारीच्या अखेरीस, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास हे प्रदर्शन असते. दिवस कोणता, ते शाळेतल्या गुरुजींकडून आधी विचारून घ्या. भाकरी, पाण्याची बाटली आणि डोक्याला टोपी बरोबर ठेवा, ऊन चांगलेच लागते. मोबाइल बंद ठेवा. वेळ उरला तर जुन्नरला जाऊन शिवनेरीवर माथा टेकवा.

आणि एक ऐका. सहलीची चिठ्ठी घेऊन मुलगी समोर उभी राहिली, तर बियाण्याचे कारण सांगू नका. माझ्या नातीने वहीत पंपाचे चित्र काढले आहे आणि बाजारातून तारेची दोन भेंडोळी आणायला मला सांगितले आहे. पुढचा मंगळवार धरून मी ती आणणार आहे.