उडीला लागणारा आठवडा

नवं कॅम्पेन ठरलं की मंडळी पहिल्या बैठकीला बंदुका, यानं आणि मेंदूत बसवायच्या चिप यांच्या याद्या घेऊन येतात. तो उत्साह मला आवडतो. पण रोलप्लेइंगच्या टेबलावर भविष्यातलं जग उभं करायचं असेल तर मी आधी दुसरंच विचारून घेतो: या यंत्राला काय जमत नाही, आणि त्या उणिवेची किंमत कोण मोजतं? समाज आकार घेतो तो त्या उणिवेभोवती, असं माझं ठाम मत आहे. ते मला ‘ट्रॅव्हलर’ने दिलं.

मार्क मिलर यांचा हा खेळ १९७७ साली अमेरिकेत निघाला. एका पेटीत तीन छोट्या काळ्या पुस्तिका. त्यात एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायचं तर यान ‘जंप’ घेतं. उडी एका पार्सेकची असो की सहा, वेळ साधारण एक आठवडाच लागतो. आणि प्रकाशाहून वेगाने निरोप धाडण्याची सोय कुठेच नाही. बातमी जाते ती यानात बसून. या दोन अटींवर पुढे ‘थर्ड इम्पेरियम’ नावाचं सुमारे अकरा हजार ग्रहांचं साम्राज्य रचलं गेलं, आणि त्यात चक्क सरदार-उमराव आहेत. नव्या खेळाडूला हे खटकतं. अंतराळात उडणाऱ्या माणसांना ड्यूक कशाला हवा? पण सरहद्दीवर लढाई पेटल्याची खबर राजधानीत पोचायला महिने लागतात, हुकूम परत यायला तेवढेच आणखी. तोवर जागेवर निर्णय घेणारा कोणीतरी हवा, आरमाराने त्याचा शब्द मानायला हवा, आणि तो फुटून स्वतंत्र होऊ नये म्हणून त्याच्या घराण्याचं हित गादीशी बांधलेलं हवं. त्या आठवड्याच्या उडीतूनच ही सरंजामशाही निघते.

आमच्या टेबलावर हे समजवायला पानिपत पुरतं. १४ जानेवारी १७६१ला फौज बुडाली. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना ते कळलं दहाएक दिवसांनी, भेलशाजवळ, एका सावकाराच्या पत्रातून. हे सांगितल्यावर एक खेळाडू ताडकन म्हणाली, “दादा, मग आपण ड्यूककडे चाकरी कशाला धरायची? पेढीवाल्याकडे धरू या.” पुढचं सगळं कॅम्पेन त्या एका वाक्याने वळलं. मंडळी माल वाहण्याऐवजी बाजारभाव वाहू लागली, आणि शेजारच्या ग्रहावरचा धान्याचा भाव आठवडाभर आधी ठाऊक असणं हे कोणत्याही लेझरपेक्षा मोठं हत्यार आहे हे त्यांना आपसूक उमगलं. यानाच्या कर्जानेही त्यांना तिकडेच ढकललं होतं. ‘ट्रॅव्हलर’मध्ये व्यापारी यान घेतात ते चाळीस वर्षांच्या कर्जावर, दरमहा हप्ता किमतीच्या १/२४०. म्हणजे आकाश मोकळं असलं तरी कप्तान बँकेचा बांधील.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवतो तो मात्र ‘लो बर्थ’, गोठवून नेण्याचा प्रवास. वरच्या वर्गाचं तिकीट दहा हजार क्रेडिट, मधल्याचं आठ हजार, आणि थंड पेटीत गोठून जायचं असेल तर फक्त एक हजार. पोचल्यावर प्रत्येकासाठी दोन फासे टाकायचे; बेरीज पाच किंवा वर आली तर माणूस जागा होतो. गणित मांडलं तर सहांतला एक उठत नाही. चांगला डॉक्टर असेल तर दान थोडं सुधारतं, तब्येत नाजूक असेल तर बिघडतं. मूळ नियमांत यावर एक सोडतही आहे: प्रत्येक तिकिटातले दहा क्रेडिट एकत्र ठेवायचे, प्रवाशांनी आपल्यातले किती वाचतील याचा अंदाज सांगायचा, सर्वांत जवळचा अंदाज सांगणाऱ्याला रक्कम. तोच उठला नाही तर पैसे कप्तानाचे. दोन-चार ओळींचा नियम आहे. पण तंत्र अर्धवट पिकलेलं असताना माणसं त्याच्याशी कशी जुळवून घेतात, याचं इतकं खरं चित्र मी जाडजूड ग्रंथांतही क्वचित पाहिलं आहे.

बहुतेक टेबलांवर या पेट्या म्हणजे मालाच्या डब्यातला एक आकडा असतो. माझ्याकडे एकदा डॉक्टरची भूमिका करणाऱ्या खेळाडूने विचारलं, “खाली कोण झोपलंय?” आम्ही ती सबंध बैठक त्या प्रश्नावर घालवली. एकही गोळी सुटली नाही. ठरत गेलं ते असं: लो बर्थने जाणाऱ्याला सावकार कर्ज देत नाही, म्हणून मागे राहणारा भाऊ जामीन राहतो. निघण्याआधी वाटण्या होतात, रुसवे मिटवले जातात. कोणत्या यानावरच्या डॉक्टरचा हात चांगला आहे, हे बंदरावरच्या खानावळींत तोंडोतोंडी कळतं आणि त्या यानाच्या पेट्या आधी भरतात. मग कप्तान डॉक्टरला जास्त पगार देतो, पण सोडतीत त्याचा फायदा नेमका उलट बाजूला आहे. हा पेच पुस्तकात लिहिलेला नाही. तो नियमाच्या पोटात होता. कोणीतरी विचारायची खोटी.

ग्रह घडवण्याच्या फाशांचा क्रमही मला फार शहाणा वाटतो. आधी बंदर, मग ग्रहाचा आकार, हवा, पाणी. नंतर लोकसंख्या, तीवरून राज्यव्यवस्था, राज्यव्यवस्थेवरून कायद्याची कडकी. तंत्रज्ञानाची पातळी सगळ्यांत शेवटी. उत्तम बंदर असेल तर ती सहा अंकांनी चढते, धर्मगुरूंची हुकूमशाही असेल तर दोनने उतरते. म्हणजे यंत्र समाज बदलतं हे खरं, पण कोणतं यंत्र टिकेल हे आधी समाजाने ठरवलेलं असतं. नव्या गेम मास्टरने हा क्रम निदान एकदा हाताने गिरवून पाहावा.

अलीकडे आम्ही ‘एक्लिप्स फेज’ खेळतो. तो २००९चा. तिथे मन जतन करून ठेवता येतं, देह कपड्यासारखा बदलता येतो. मरण जवळजवळ सुटलं, मग उणीव कुठे उरली? देहांत. पृथ्वी उद्ध्वस्त झाली तेव्हा कित्येकांना फक्त मन पाठवून पळता आलं. असे विदेही निर्वासित एखादा स्वस्त यांत्रिक देह मिळावा म्हणून कंपन्यांशी वर्षानुवर्षांचे करार करतात. मी हे वाचून दाखवत असताना बीडकडचा एक खेळाडू मध्येच म्हणाला, “ही तर उचल आहे.” ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून घेतलेली रक्कम अंगमेहनतीने फेडत राहणारी माणसं त्याने गावात पाहिली होती. त्याला पुढचं काही समजवावं लागलं नाही. हप्ता कसा लांबवतात, देह मिळाल्यावर त्याच्या दुरुस्तीचा खर्च पुन्हा नावावर कसा चढवतात, हे त्यानेच आम्हाला सांगितलं, आणि मी ते जसंच्या तसं कराराच्या कलमांत घातलं.

गेल्या बैठकीत मंडळींनी अशा करारबद्ध मनांचा एक सर्व्हर पळवला. आता मनं मोकळी आहेत आणि हाताशी देह अगदी मोजके. पहिला देह कोणाला? एकीचं म्हणणं, मुलांना. दुसरा म्हणतो, नवे देह वाढवता येणाऱ्या वैद्याला, म्हणजे बाकीच्यांची रांग लवकर सरकेल. त्यावर बीडकराने विचारलं की उद्या त्याच वैद्याने किंमत लावली तर त्याला अडवणार कोण. वाद रात्री उशिरापर्यंत चालला आणि मिटला नाही. पुढच्या बैठकीसाठी मी त्या वैद्याची बाजू लिहून काढतो आहे: तो कोण होता, त्याच्या नावावर किती कर्ज होतं, आणि त्याचं कोण अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे.