वाघूरचे बंदर

अजिंठ्याहून जळगावकडे निघालात की वाटेत पहूर लागते. येथल्या वाघूर नदीला ना धक्का, ना शिडाची नौका. पाणी म्हटले की खानदेशी माणसाच्या डोळ्यांपुढे येते ती केळीच्या बागेतली विहीर!

तरीही या नदीला बंदर आहे, आणि तेही केवढे! अजिंठ्याच्या लेण्यांना घोड्याच्या नालेसारखा वळसा घालून आलेली वाघूर पुढे तापीला मिळते आणि तापी जाते सुरतेला.

आता समजा, कुणी हौशी दर्यावर्दी आपली नौका घेऊन समुद्रातून उलट पहूरला यायला निघाला. गाळ त्याला तापीच्या मुखाशीच गाठील. थोरली जहाजे पूर्वीही सुरतेपर्यंत येत नसत. बाहेर सुवाळीला नांगर टाकीत. १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज झुंजले ते तिथेच. १६८७ मध्ये इंग्रजांनी मुख्य ठाणे मुंबईस हलवले आणि सुरतेचा दिमाख ओसरत गेला.

गाळातून सुटलाच, तर पुढे काकरापारचा बंधारा, मग १९७२ साली पुरे झालेले उकाई धरण, आणि पहूरच्या अलीकडे खुद्द वाघूर धरण! जळगावचे नळ याच पाण्यावर चालतात. नौकेला वाट द्या, असे जळगावकरांना सांगायला जाणार कोण?