चिखल्याचा गोटा

कोल्हापुरात महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो, तो दुसऱ्या दिवशी गोंदियाला उतरलो. राज्य तेच, पण मुलूख पार वेगळा. आमच्याकडे पायाखाली साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण. इथे धानाची शेतं, राईस मिलचा कोंडा आणि त्याखाली आमच्या सह्याद्रीहून कितीतरी म्हातारा खडक. तोच बघायला आलो होतो.

गोंदियाहून तुमसर आणि तिथून चिखल्याची मँगनीज खाण. 1999 पर्यंत हा सगळा एकच भंडारा जिल्हा होता. खाणीतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या ओसरीवर टेकलो. त्यांनी कोपऱ्यातला एक गोटा हातात दिला. म्हणाले, "हा कामाचा नाही जी, यात मंगनीज कमी."

मूठभर गोटा, पण हात खाली गेला. बोटं काळी झाली. भिंग लावलं आणि बघतच राहिलो. पांढऱ्या गारेत साखरेच्या दाण्यांएवढे मधाळ-तांबूस स्फटिक खच्चून भरलेले. ते स्पेसार्टिन, म्हणजे मँगनीजचं गार्नेट. या खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी 1909 साली गोंडांवरून नाव दिलं: गोंडाइट.

सोनाराकडचा गोमेदही गार्नेटच, पण चुन्याचं. तसलं गार्नेट स्कार्नमध्ये सापडतं. ग्रॅनाइटचा तप्त रस चुनखडीत शिरतो, सोबत सिलिका आणतो आणि दोघांच्या संयोगातून नवी खनिजं जन्मतात. गोंडाइटला असा पाहुणा लागला नाही. मँगनीज, माती आणि वाळू समुद्रतळाशी एकत्रच साचली होती. पुढे डोंगर घडताना तो गाळ खोल दबला, पाचशे अंशांच्या वर तापला आणि न वितळता, घट्टच्या घट्ट असताना त्याचे स्फटिक झाले.

हेच काम माणसाने प्रयोगशाळेत केलं. 1951 साली अमेरिकेत योडर आणि कीथ यांनी स्पेसार्टिनच्या घडणीत मँगनीजच्या जागी यिट्रियम आणि सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसवत नेलं. शेवटी मँगनीज उरलं नाही, सिलिकॉनही उरलं नाही, तरी गार्नेटची चौकट जशीच्या तशी राहिली. निसर्गात कुठे न दिसलेलं गार्नेट हाती आलं. 1964 मध्ये बेल प्रयोगशाळेत त्यात निओडिमियम मिसळून लेझर बनवला गेला.

हे आठवलं आणि ओसरीवरच अंगावर काटा आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईच्या डोळ्यातल्या भिंगामागचा पडदा धुरकट झाला होता. डॉक्टरांनी तो काही मिनिटांत लेझरने उघडला. कागदावर लिहिलं होतं, 'याग लेझर'.

काकांना ते सांगितलं. त्यांनी गोटा परत घेतला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि या वेळी कोपऱ्यात न टाकता कोनाड्यात ठेवला.

याग म्हणजे यिट्रियम-ॲल्युमिनियम-गार्नेट. त्यातला 'ग' चिखल्याच्या गोट्यातल्या दाण्याचा सख्खा भाऊ आहे.