पॅनेल हलवायचं नाही!

डेस्कटॉप म्हटलं की आपल्याला आधी काय आठवतं? वॉलपेपर! लूक बदलला की आपला मूडही फ्रेश. पण ज्याला स्क्रीनच धड दिसत नाही, त्याच्यासाठी डेस्कटॉप निवडायचा झाला तर?

आमचे काका नांदेडला असतात. रिटायर्ड शिक्षक. मधुमेहानं डोळ्यांच्या पडद्याची वाट लावली. समोर पाहिलं की मधोमध मोठा डाग, कडेनं थोडं दिसतं. बँकेचं स्टेटमेंट शेजारचा मुलगा वाचून देतो, ते एकवेळ ठीक. पण दुबईहून ताईचा मेल आला तर तोही त्यानंच मोठ्यानं वाचायचा? ताईला सविस्तर लिहायची सवय. सासरचं, मनातलं, सगळं. वाचणारा दुसराच आहे हे कळल्यापासून मात्र ती फक्त 'मजेत आहे, काळजी घ्या' एवढंच लिहायला लागली.

त्यांचा कॉम्प्युटर जुना. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि नवं मशीन घ्यायला काका तयार नव्हते. म्हटलं, लिनक्स टाकू. फुकट आहे आणि हवं तसं बदलता येतं. पेनड्राइव्ह खिशात टाकून लातूरहून एसटी पकडली.

लिनक्समध्ये डेस्कटॉपही आपणच निवडायचा असतो. गंजगोलाईत उभं राहिलं की सोळा रस्ते दिसतात ना, तसं होतं. केडीई प्लाझ्मा माझा लाडका, त्यात काय वाट्टेल ते बदलता येतं. पण काकांना इतकी बटणं कशाला? एक्सएफसीई हलकाफुलका, ऑल्ट दाबून माऊसचं चाक फिरवलं की स्क्रीन मोठी होते, हे त्यांना जाम आवडलं. ग्नोम देखणा. स्क्रीन वाचून दाखवणारा ऑर्का त्यात एका शॉर्टकटवर सुरू होतो. (या ऑर्कावर सन मायक्रोसिस्टिम्समध्ये बरंच काम झालं. विंडोजवरच्या महागड्या 'जॉज'ची आठवण करून देणारं हे देवमाशाचं नाव!)

पण ग्नोममध्ये एक गोची आहे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आला आणि जुना मेनू, जुनी पट्टी सगळं गायब झालं. जगभरच्या लोकांनी आरडाओरडा केला. अर्जेंटिनातल्या एकानं तर ग्नोम २ चा जुना कोड उचलून वेगळा डेस्कटॉपच सुरू केला. नाव ठेवलं माटे.

"श्री. म. माटे?" काकांनी विचारलं. मास्तर ते मास्तरच! म्हटलं, नाही हो काका, तिकडं चहासारखं पेय करतात, त्या झाडाचं नाव आहे.

आम्ही माटेच घेतला. कारण साधं. काकांना मधलं दिसत नाही, पण कोपरा सापडतो. माऊस जोरात खाली डावीकडे ढकलला की तो आपोआप कोपऱ्यात जाऊन अडकतो. डोळे मिटूनही सापडतील अशा स्क्रीनवरच्या मोजक्या जागांपैकी ही एक. मेनू तिथं बसवला, शेजारी मेल, आणि दोन्ही लॉक केले. काळी पार्श्वभूमी, पिवळी अक्षरं, जाडजूड बाण. आपण ज्याला कस्टमाइज म्हणतो, ते बहुतेक वेळा नटवणं असतं. इथं मात्र एक आयकॉन बोटभर सरकला तरी काकांचा रस्ता चुकणार होता.

आवाजासाठी ईस्पीक घेतला. तो मराठी बोलतो, पण थेट रोबोसारखा. काकू स्वयंपाकघरातून आल्या. "काऊन भांडायलीय ही बाई?" मी वेग कमी केला. बाई जरा निवळली.

मेनूत काही शब्द मराठी, काही इंग्रजी अशी खिचडी आहे; काकांनी दोन दिवसांत ती पाठ केली. तिसऱ्या दिवशी ताईला फोन करून सांगितलं, आता मोकळेपणानं लिही. संध्याकाळी मेल आला. काकांनी हेडफोन चढवला, कोपरा गाठला आणि मान न वळवताच म्हणाले, "तुम्ही दोघं जरा बाहेर बसा."

आम्ही ओट्यावर चहा घेत बसलो. आतून काही आवाज नाही. अर्ध्या तासानं काका दारात आले.

"वाचलं. आता उत्तर टाइप करायचं कसं ते दाखव."

परतीची एसटी मी सोडून दिली.